न वाचलेला आकडा

लघवीच्या तपासणीचा एक तरी कागद तुमच्या घरात असेलच. विम्यासाठी, शस्त्रक्रियेच्या आधी, बाळंतपणाच्या वेळी, नाही तर ताप उतरत नाही म्हणून कधी तरी केलेली तपासणी. तो कागद हातात आला की आपण काय पाहतो? साखर आहे का, अल्ब्युमिन आहे का, ‘पस सेल्स’ किती. तिथे ‘निल’ किंवा ‘एक-दोन’ असे लिहिलेले दिसले की जीव भांड्यात पडतो आणि कागदाची घडी कपाटात जाते.

त्याच कागदावर वरच्या बाजूला, रंगाच्या आसपास, आणखी एक ओळ असते : स्पेसिफिक ग्रॅव्हिटी. मराठीत विशिष्ट गुरुत्व. तिच्यापुढे १.०१५ किंवा १.०२० असा काही तरी आकडा असतो. रुग्ण ती ओळ वाचत नाहीत, नातेवाईक वाचत नाहीत. १९७८ ते २०१४ अशी छत्तीस वर्षे मी कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. रोज तीस-चाळीस वेळा ही ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली. आणि माझ्या थोरल्या भावाच्या कागदावर ती तीन वेळा लिहूनही मी वाचली नाही. आजचा हा लेख त्या न वाचलेल्या आकड्याविषयी आहे.

दुधाची कांडी आणि लघवीची कांडी

विशिष्ट गुरुत्व म्हणजे काय, हे मला कॉलेजात कळले नाही. आमच्या गावच्या दूध संस्थेत कळले. आई पहाटे दूध घालायला जाई तेव्हा मी सोबत असे. सचिव दुधात एक काचेची कांडी सोडत. तळाशी जड फुगा, वर बारीक दांडी आणि दांडीवर रेघा. हा लॅक्टोमीटर. दूध चांगले असेल तर कांडी वर तरंगे; पाणी घातलेले असेल तर खोल बुडे. ‘डिग्री कमी आली’ असे सचिवांनी म्हटले की दूधवाल्याची मान खाली जाई.

लॅबमध्ये नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी तशीच कांडी माझ्या हातात आली. तिचे नाव युरिनोमीटर. उंच, अरुंद नळीत लघवी ओतायची, कांडी हलकेच सोडायची, ती काचेला चिकटू नये म्हणून बोटाने गिरकी द्यायची आणि पाण्याची पातळी जिथे टेकते ती रेघ वाचायची. लघवी गरम असेल तर कांडीवर छापलेल्या तापमानापेक्षा दर तीन अंश सेल्सियसला ०.००१ मिळवायचा. शुद्ध पाणी म्हणजे १.०००. माणसाची लघवी साधारण १.००३ पासून १.०३० पर्यंत. म्हणजे रात्रभर पाणी न पिता सकाळी झालेली दाट लघवी जवळजवळ गाईच्या दुधाइतकी जड असते, हे ऐकून तेव्हा मला हसू आले होते.

पुढे कांडीच्या जागी रिफ्रॅक्टोमीटर आला. त्याला लघवीचा एक थेंब पुरतो. आता तर रंगीत चौकटींची पट्टी लघवीत बुडवून यंत्रात घातली की आकडा छापूनच बाहेर येतो. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला : या लघवीत पाण्याच्या मानाने क्षार आणि युरिया किती?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यातून दोन गोष्टी एकदम कळतात. शरीरात पाणी किती शिल्लक आहे, ही पहिली. आणि त्या पाण्याचा हिशेब ठेवणारे मूत्रपिंड जागेवर आहे की नाही, ही दुसरी.

कैरीच्या फोडी

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. एवढा द्रव बाहेर टाकला असता तर माणूस तासाभरात कोरडा पडला असता. प्रत्यक्षात दीड लिटरच्या आसपास लघवी होते. बाकीचे पाणी परत रक्तात घेतले जाते. प्रत्येक मूत्रपिंडातील सुमारे दहा लाख सूक्ष्म नळ्या हे काम करतात.

पाणी परत घेण्याची युक्ती स्वयंपाकघरातली आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात त्यांना पाणी सुटते. मीठ पाण्याला ओढून घेते. मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात मीठ आणि युरिया यांचा असाच दाट साठा केलेला असतो. त्याची दाटी समुद्राच्या पाण्याहूनही थोडी अधिक होऊ शकते. लघवीच्या नळ्या या साठ्यातून खाली उतरतात आणि त्यांच्यातले पाणी बाहेर ओढले जाते. हा साठा उभा करणाऱ्या नळीच्या वळणाला जर्मन शरीरशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांचे नाव आहे.

पाणी किती ओढायचे, याचा हुकूम मेंदूतून सुटतो. शरीरात पाणी कमी झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात येते, नळ्यांच्या खिडक्या उघडतात, पाणी परत घेतले जाते आणि लघवी थोडी व दाट होते. तुम्ही दोन तांबे पाणी प्यालात की हुकूम थांबतो, खिडक्या मिटतात आणि लघवी भरपूर व पातळ होते. निरोगी माणसाचा आकडा म्हणूनच दिवसभर वरखाली होत राहतो. पहाटे १.०२५, पाणी पिऊन आल्यावर १.००५, शेतात उन्हात राबून आल्यावर पुन्हा १.०२८. हे हलणे हीच मूत्रपिंडाच्या तब्येतीची खूण.

मूत्रपिंड थकले की काय होते? आतला तो साठा विरतो. मग लघवी दाट करता येत नाही. पुढे पुढे पातळही करता येत नाही. रक्तातून जसा द्रव गाळला गेला, जवळजवळ तशाच दाटीचा तो बाहेर पडतो. त्या द्रवाचे विशिष्ट गुरुत्व असते १.०१०. सकाळी १.०१०, दुपारी १.०१०, पाणी प्या, नका पिऊ, १.०१०. घड्याळाचा काटा एका जागी अडकावा तसा आकडा अडकतो.

दादाची बाटली

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. माझे शिक्षण त्याने केले. तो एका फौंड्रीत भट्टीवर होता. वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यांत ओतायचे काम. ओतकाम चालू असताना मध्येच उठून पाणी प्यायला किंवा लघवीला जाणे त्याला जमत नसे. ‘भट्टीपुढं सगळा घामच होतोय, लघवीला जायचं कामच न्हाई,’ असे तो अभिमानाने सांगे. पाठ दुखायची म्हणून मेडिकलच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज एक, कधी दोन. अशी बारा-तेरा वर्षे.

१९८७ साली वहिनी मला म्हणाल्या, ‘‘भावजी, रात्रीत तीन-चारदा उठत्यात हे. साखर तर नसंल?’’ मी दादाला बाटली दिली. सकाळच्या पाळीला जाताना त्याने पहिली लघवी आणून दिली. बाटली उजेडात धरून म्हणाला, ‘‘बघ की, कशी पाण्यागत स्वच्छ हाय!’’ मी तपासली. साखर निल. अल्ब्युमिन अगदी किंचित, ‘ट्रेस’. विशिष्ट गुरुत्व १.०१०. घरी जाऊन सांगितले, साखर नाही. वहिनींनी देवापुढे गूळ-खोबरे ठेवले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. १९८९ मध्ये तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी सकाळची पहिली लघवी, प्रत्येक वेळी पाण्यासारखी स्वच्छ, प्रत्येक वेळी १.०१०. रात्रभर ज्याने पाणी घेतलेले नाही त्याची सकाळची लघवी पिवळी आणि जड यायला हवी, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण भावाच्या बाटलीपुढे मी तंत्रज्ञ नव्हतो, धाकटा भाऊ होतो. साखर नाही एवढेच मला ऐकायचे होते आणि तेवढेच मी ऐकले.

१९९० च्या पावसाळ्यात दादाला दम लागू लागला, अन्नावरची वासना उडाली, पायावर सूज आली. रक्तदाब १८० वर ११०. रक्तातील क्रिएटिनिन ५.२, म्हणजे असायला हवे त्याच्या चौपटीहून अधिक. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आक्रसलेली. फिजिशियननी जुने कागद मागितले. मी तिन्ही कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते एकाखाली एक मांडले आणि विचारले, ‘‘हे अक्षर कुणाचं?’’

‘‘माझंच, साहेब.’’

‘‘आकडा लिहिलात. वाचला नाहीत.’’

ते रागावले नव्हते. पण ते वाक्य गेली पस्तीस वर्षे माझ्याबरोबर आहे.

रात्रीचे उठणे

दादाला रात्री उठावे का लागत होते, याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. रोजच्या खाण्यापिण्यातून तयार झालेला युरिया आणि क्षार बाहेर टाकणे मूत्रपिंडाला भागच असते. चांगले मूत्रपिंड तो सगळा कचरा अर्ध्या लिटर दाट लघवीत बसवू शकते. ज्याला लघवी दाटच करता येत नाही त्याला त्याच कचऱ्यासाठी दोन लिटर पाणी खर्ची घालावे लागते. निरोगी माणसाची लघवी रात्री कमी आणि दाट होते, म्हणून तो सलग झोपतो. थकलेल्या मूत्रपिंडाला रात्र आणि दिवस सारखेच.

रात्री उठण्याची दुसरी कारणेही पुष्कळ आहेत : मधुमेह, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट, पायावरची सूज, झोपताना घेतलेले पाणी, लघवी वाढवणारी गोळी. त्यामुळे रात्री उठणारा प्रत्येक माणूस मूत्रपिंडाचा रोगी नव्हे. पण ‘साखर नाही, आता वय झालं’ असे म्हणून विषय संपवू नये.

लघवी पाण्यासारखी होणे ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्याही नजरेतून सुटली नव्हती. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, त्यांतल्या एकाचे नावच उदकमेह. पुष्कळ, स्वच्छ, पाण्यासारखी लघवी हे त्याचे लक्षण. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, लघवीतील अल्ब्युमिन आणि बिघडलेली मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवला. चमच्यात लघवी घेऊन ती मेणबत्तीवर तापवायची आणि दुधासारखी नासते का ते पाहायचे, एवढीच त्यांची तपासणी. डोळे उघडे ठेवून पाहिले तर साध्या साधनानेही खूप दिसते. माझ्याकडे साधन होते.

हा आकडा किती खरा मानावा?

एकाच तपासणीत १.०१० आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दुपारी पाणी पिऊन लॅबमध्ये गेलात तर तुमचाही आकडा तेवढाच येईल. त्याचा अर्थ सकाळच्या पहिल्या लघवीत आणि पुन्हा पुन्हा तसाच येण्यात आहे. लघवीत साखर खूप असेल तर कांडी आणि रिफ्रॅक्टोमीटर दोन्ही जड आकडा दाखवतात. मधुमेही माणसाची लघवी पुष्कळ असूनही जड असू शकते. पट्टीच्या या आकड्यावर साखरेचा परिणाम होत नाही, पण लघवी अल्कधर्मी असेल तर पट्टीचा आकडा कमी येतो. रंगद्रव्य टोचून काढलेल्या एक्स-रे किंवा स्कॅननंतर आकडा अवाच्या सवा वाढतो. अचूक हिशेब हवा असेल तर डॉक्टर ‘ऑस्मोलॅलिटी’ ही तपासणी करायला सांगतात.

पूर्वी संध्याकाळनंतर पाणी बंद करून सकाळी लागोपाठ तीन नमुने तपासत. त्यांतला एक तरी १.०२५ च्या आसपास पोहोचला की मूत्रपिंड शाबूत समजत. आता रक्तातील क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग आणि लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण यांवर अधिक भर असतो आणि तो योग्यच आहे. मात्र क्रिएटिनिनची एक खोड आहे. मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी शक्ती जाईपर्यंत ते ठीकठाक दिसू शकते. दादासारख्या, नळ्यांवर आणि आतल्या भागावर आघात झालेल्या मूत्रपिंडात लघवी दाट करण्याची शक्ती आधी जाते. पाणी बंद ठेवण्याचा हा प्रयोग घरी कोणीही करू नये. ज्याला लघवी दाट करता येत नाही त्याच्या अंगातले पाणी अशा वेळी भराभर कमी होते आणि जिवावर बेतू शकते.

आजारी माणसाच्या अंगातल्या पाण्याचा अंदाज घ्यायलाही हा आकडा उपयोगी पडतो. जुलाब-उलट्यांनी गळालेल्या माणसाला लघवी कमी होते. ती थोडी लघवी १.०२५ ची असेल तर मूत्रपिंड पाणी वाचवत आहे. सलाइन लावा, ते सावरेल. लघवी थोडी आणि तरीही १.०१० असेल तर मूत्रपिंडालाच इजा झाली असावी, अशी शंका येते आणि डॉक्टरांची धावपळ सुरू होते. वॉर्डातल्या सिस्टर ‘बाई, लघवी मोजून सांगा हं’ असे बजावतात, त्यामागे हाच हिशेब असतो.

तालमीतला नातू

दादाची वेदनाशामक गोळी त्याच दिवशी बंद झाली. रक्तदाब आटोक्यात आला, मीठ कमी झाले, भट्टीवरून त्याला स्टोअरमध्ये बसवले. गोळीने किती, उष्णतेने किती आणि रक्तदाबाने किती नुकसान केले, याची वाटणी तेव्हा कोणालाच करता आली नाही. सात वर्षे औषधांवर निघाली. १९९७ मध्ये डायलिसिस सुरू झाले, आठवड्यातून दोनदा. १९९९ मध्ये तो गेला. तीन वर्षे आधी कळले असते तर दादा वाचला असता असे मी म्हणणार नाही. पण गोळी तीन वर्षे आधी सुटली असती, हे नक्की. एवढे ओझे मला पुरते.

गेल्या उन्हाळ्यात दादाचा नातू घरी आला. तालमीत जातो. वजनी गटात बसण्यासाठी दोन दिवस पाणी जवळजवळ बंद ठेवून, अंगात जाड कपडे घालून पळत होता. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मी त्याला अमेरिकेतली गोष्ट सांगितली. १९९७ च्या अखेरीस तिथे महाविद्यालयांतले तीन मल्ल असेच घाम गाळून वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत गट ठरवताना लघवीचे विशिष्ट गुरुत्व तपासण्याचा नियम झाला. आकडा १.०२० च्या वर असेल तर वजन धरले जात नाही.

‘‘उद्या सकाळची लघवी बाटलीत धर,’’ मी म्हटले.

जुना युरिनोमीटर मी निवृत्त होताना मागून घेतला होता. दुसऱ्या दिवशी गॅलरीत बसून मी तो नळीत सोडला. लघवी काळ्या चहासारखी. कांडी वर तरंगली : १.०३०.

त्याला शेजारी बसवून म्हटले, ‘‘हे बघ बाळा, तुझ्या आजोबाची लघवी पाण्यासारखी होती. त्याच्या मूत्रपिंडाला पाणी वाचवताच येत नव्हतं. तुझं मूत्रपिंड चांगलं आहे. ते थेंब-थेंब वाचवतंय, पण तू त्याला वाचवायला काही ठेवलेलंच नाहीस. रोज असं केलंस तर ते किती दिवस पुरं पडणार?’’

तो काही बोलला नाही. आत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. घोट घोट प्यायला.

तुमच्या कपाटातला तो कागद एकदा काढून पाहा. दोन-तीन कागद असतील तर एकाखाली एक मांडा. सकाळच्या लघवीचा आकडा दर वेळी १.०१० च्या आसपास असेल, रात्री उठावे लागत असेल, रक्तदाब असेल किंवा वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळी चालू असेल तर ते कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन आणि गरज पडल्यास सोनोग्राफी, एवढ्यावर पुढचा मार्ग कळतो. नमुना द्याल तेव्हा सकाळचा पहिला द्या, स्वच्छ बाटलीत, सुरुवातीची धार सोडून मधली. दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा. आणि कमी पडला म्हणून त्यात नळाचे पाणी घालू नका. असे करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. कांडीला ते लगेच कळते, जसे दूध संस्थेच्या सचिवांना कळत असे.

दादाच्या नातवाच्या कागदावर मी तारीख घातली, आकडा लिहिला. मग तो त्याला मोठ्याने वाचून दाखवला.